नुसती पाठ टेकून पाठ बरी होत नाही



आपल्या मराठीचा पाठीवर फार जीव. शाबासकी द्यायची तर आपण पाठ थोपटतो, आधार द्यायचा तर पाठीशी उभे राहतो आणि पळ काढला तर पाठ दाखवतो. कामाला लागताना कंबर कसतो, आणि महागाई आपले कंबरडे मोडते. इतके सगळे पाठीवर आणि कमरेवर लादतो, पण त्यांची विचारपूस मात्र दुखायला लागल्यावरच करतो.

गेल्या महिन्यात आपल्या वाङ्मय मंडळाच्या बैठकीत मी सहज विचारले होते, "वर्षभरात कुणाकुणाची पाठ किंवा कंबर दुखली?" जवळजवळ सगळे हात वर गेले. "मग काय केलंत?" या प्रश्नाला मात्र प्रत्येकाचे उत्तर वेगळे. कुणी बाम चोळला, कुणी मेडिकलमधून गोळी आणली, कुणी चार दिवस अंथरूण धरले. एकीने तर पायाळू माणसाकडून पाठीला पाय लावून घेतला होता! त्याच दिवशी ठरवले, पुढच्या अंकासाठी कविता नाही, पाठीवर लिहायचे. त्याला घरचेही एक कारण आहे.

मामांची उसण

माझे मामा वडगावात यंत्रमागावर काम करतात. दोन वर्षांपूर्वी ऐन पावसाळ्यात मागावर बीम चढवताना त्यांच्या कमरेत कळ आली आणि ते तिथेच वाकलेले राहिले. उसण भरली. घरी आणल्यावर आज्जीने फर्मान काढले, "अजिबात हलू नकोस, पडून राहा." गल्लीतल्या कुणीतरी गादी काढून फळी टाकायला लावली. शेजारचे काका म्हणाले, "मणका सरकला असणार, आता जड काम विसरायचं."

मामा तीन आठवडे फळीवर पडून होते. दुखणे कमी व्हायच्या ऐवजी अंग आखडत गेले. मग एमआरआय झाला. त्यात कमरेतल्या दोन गाद्या झिजल्याचे आणि एक थोडी बाहेर आल्याचे लिहिले होते. तो कागद वाचून मामांचा धीरच सुटला. पायात जोर होता, ताप नव्हता, तरी ते संडासलासुद्धा कुणाला तरी धरून जायला लागले. चाळिशीतला माणूस. "आता माग सुटला" एवढेच म्हणायचे. मुलगी तेव्हा दहावीला होती.

मामा आज मागावर आहेत. ते कसे, हे शेवटी सांगते. त्याआधी पाठ म्हणजे काय प्रकरण आहे ते बघू.

कण्याची गोष्ट

आपल्या कण्यात ३३ मणके असतात. त्यांपैकी वरचे २४ सुटे व हलणारे: मानेत ७, पाठीत १२ आणि कमरेत ५. खालचे एकमेकांना जुळून त्यांचे त्रिकास्थी आणि माकडहाड बनते. शरीराचा वरचा सगळा भार कमरेच्या पाच मणक्यांवर येतो आणि आपण वाकतोही मुख्यतः तिथूनच. म्हणून दुखणेही बहुतेक वेळा तिथलेच.

दोन मणक्यांच्या मध्ये गादी असते. गादी म्हणजे कापसाची उशी नव्हे. बाहेरून चिवट तंतूंचे थरावर थर आणि आत पाणीदार मऊ गर, अशी तिची रचना. ती वरच्या आणि खालच्या मणक्याला घट्ट चिकटलेली असते, ओल्या साबणासारखी सटकत नाही. "गादी सरकली" हा शब्दप्रयोग मुळातच चुकीचा आहे. गादी फुगू शकते, तिच्या बाहेरच्या थराला चीर पडून आतला गर थोडा बाहेर येऊ शकतो, पण जागा सोडून ती जात नाही.

आणखी एक गंमत. दिवसभराच्या भाराने गाद्यांमधले थोडे पाणी बाहेर पडते आणि रात्री झोपेत ते परत शोषले जाते. त्यामुळे सकाळी उठताना आपण रात्रीपेक्षा साधारण एक ते दोन सेंटीमीटर उंच असतो! मोठ्या माणसाच्या गादीच्या आत रक्तवाहिन्या जवळजवळ नसतात. तिला लागणारे अन्न आजूबाजूने झिरपत येते आणि दाब कमीजास्त होत राहिला की या ये-जा करण्याला मदत होते. थोडक्यात, हालचाल हेच गादीचे जेवण. या लेखातले बाकी सगळे याच एका वाक्यावर उभे आहे.

मग दुखते कशाने?

आपल्याला वाटते, दुखतेय म्हणजे आत काहीतरी मोडलेय. बहुतेक वेळा तसे नसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या मते कंबरदुखीच्या सुमारे ९० टक्के रुग्णांत एखादा ठरावीक आजार किंवा मोड दाखवता येत नाही. स्नायू, त्यांचे बंध, मणक्यांचे छोटे सांधे यांच्यावर आलेला ताण असतो. तो येतो रोजच्या जगण्यातून.

पहिले कारण, *एकाच जागी बसणे.* लेक्चर, मग लायब्ररी, मग बस, मग घरी मोबाईल. बसणे वाईट नाही, तासन्‌तास एकाच अवस्थेत बसणे वाईट. "ताठ बस" असे घरोघरी सांगितले जाते, पण ताठ बसूनही दोन तास हललो नाही तर पाठ दुखणारच. पुढची बैठक हीच सगळ्यांत चांगली बैठक, असे म्हणायला हरकत नाही.

दुसरे, *वाकून आणि वळून वजन उचलणे.* इथे शाळेतली तरफ आठवा. पंधरा लिटरची भरलेली बादली म्हणजे १५ किलो. ती कण्यापासून ४० सेंटीमीटर पुढे धरली, आणि तिला तोलून धरणारे पाठीचे स्नायू कण्याच्या मागे जेमतेम ५ सेंटीमीटरवर. म्हणजे फक्त बादलीसाठी त्या स्नायूंना १२० किलोइतका जोर लावावा लागतो. आपल्या धडाचे वजन वेगळेच. तीच बादली अंगालगत, २० सेंटीमीटरवर धरली की जोर निम्मा, ६० किलो. बादली तीच, फरक फक्त अंतराचा. मामांचा बीम हाताच्या टोकावर होता आणि त्यात ते बाजूला वळले होते.

तिसरे, *सवय नसताना एकदम केलेले काम.* आमच्या वर्गातले खानापूरकडचे मित्र आषाढात सुट्टीला घरी जातात आणि रोप लावायला शेतात उतरतात. वर्षभर बाकावर बसलेली पाठ एकदम दिवसभर वाकते. त्यांच्या आया-आज्ज्या तेच काम करून संध्याकाळी भाकऱ्या थापतात, आणि ही पोरे मात्र दुसऱ्या दिवशी उठू शकत नाहीत. इथे वयापेक्षा सवय मोठी. अर्थात त्या बायकांची कंबर दुखत नाही असे समजू नका. त्या सांगत नाहीत, एवढेच.

चौथे, *रस्ते आणि दप्तर.* खड्ड्यांतून रोज पंधरा-वीस किलोमीटर दुचाकी, त्यात एका खांद्यावर लॅपटॉपची बॅग. शाळेच्या दप्तराचे वजन मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांच्या आत असावे, असे २०२०च्या केंद्रीय धोरणात म्हटले आहे. आपण कॉलेजात आलो म्हणून पाठ काही लोखंडाची झाली नाही.

पाचवे कारण ऐकून नवल वाटेल: *झोप आणि काळजी.* परीक्षेच्या महिन्यात पाठी जास्त दुखतात, ही आपली कल्पना नव्हे. झोप कमी झाली, मन ताणात असले की तेच दुखणे जास्त जाणवते आणि जास्त दिवस टिकते. याचा अर्थ दुखणे "मनाचे खेळ" आहेत असा नाही. दुखणे खरेच असते, पण त्याचा आवाज कमीजास्त करणारे बटण मेंदूकडे असते. तंबाखू-सिगारेटनेही पाठीचे नुकसान होते, हेही मुलांनी ध्यानात ठेवावे.

रिपोर्टला किती भ्यायचे?

आता त्या एमआरआयकडे येऊ. ज्यांची पाठ अजिबात दुखत नाही अशा माणसांचे फोटो काढले तर काय दिसेल? अशा ३,११० लोकांच्या तपासण्या एकत्र करून २०१५मध्ये एक आढावा प्रसिद्ध झाला. विशीतल्या ३७ टक्के लोकांच्या गाद्यांत झीज दिसली. पन्नाशीत हे प्रमाण ८० टक्के होते आणि ऐंशीव्या वर्षी ९६ टक्के. गादी फुगलेली तर विशीतल्या ३० टक्के लोकांत दिसली. पुन्हा सांगते, यांतल्या कुणाचीच पाठ दुखत नव्हती!

म्हणजे गादीची झीज पुष्कळदा केस पिकण्यासारखी असते. वयाची खूण, आजार नव्हे. गर बाहेर येऊन नस दाबली गेली तर पायात मुंग्या आणि कळ येते, त्याला आपण सायटिका म्हणतो. पण तोही बहुतेकांचा काही आठवड्या-महिन्यांत शस्त्रक्रियेशिवाय कमी होतो. बाहेर आलेला गर बऱ्याचदा शरीर आपोआप शोषून घेते.

पडून राहायचे की नाही?

आज्जीचा सल्ला मायेचा होता, आणि एके काळी डॉक्टरही तोच देत. पण १९९५मध्ये फिनलंडमध्ये हेलसिंकी शहराच्या कर्मचाऱ्यांवर एक प्रयोग प्रसिद्ध झाला. कंबर दुखू लागलेल्यांचे तीन गट केले. एकाला दोन दिवस अंथरुणात विश्रांती, दुसऱ्याला ठरावीक व्यायाम, तिसऱ्याला सांगितले, जमेल तेवढे नेहमीचे व्यवहार चालू ठेवा. सगळ्यांत लवकर बरा झाला तो तिसरा गट.

फळीचेही तसेच. स्पेनमध्ये २००३ साली ३१३ लोकांवर कडक आणि मध्यम कडक गाद्यांची तुलना झाली. मध्यम कडक गादीवर झोपणाऱ्यांना जास्त आराम पडला. तेव्हा खड्डा पडलेली गादी बदला, पण फळीची शिक्षा नको.

आणि पायाळू? पायाकडून जन्मलेल्या माणसाने पाय लावला की उसण जाते, असे आपल्याकडे मानतात. खरे कारण साधे आहे. साधी उसण काही दिवसांत आपली आपणच उतरते, आणि त्या दिवसांत जो भेटला त्याला श्रेय मिळते. नुसता पाय लावला तर बिघडत नाही. पण हिसका देऊ देऊ नका, लाथ तर मुळीच नको.

दुखायला लागले तर

१. पहिले एक-दोन दिवस खूप दुखत असेल तर थोडा वेळ आडवे व्हा. उताणे झोपून गुडघ्यांखाली उशी, किंवा कुशीवर झोपून गुडघ्यांच्या मध्ये उशी. पण तासा-दोन तासांनी उठून घरातल्या घरात चार फेऱ्या मारा.

२. गरम पाण्याच्या पिशवीने पंधरा-वीस मिनिटे शेका. पिशवीभोवती फडके गुंडाळा, कातडी भाजू देऊ नका.

३. गोळ्या मनाने घेऊ नका. साध्या पॅरासिटामॉलचा कंबरदुखीत फारसा उपयोग होत नाही, आणि सूज उतरवणाऱ्या वेदनाशामक गोळ्या पोटाला व किडनीला बाधू शकतात. त्या डॉक्टरांना विचारून, थोडे दिवस आणि खाऊनच घ्याव्यात. पुडीत बांधून दिलेल्या बिनानावाच्या गोळ्या तर नकोच.

४. कमरेचा पट्टा महिनोन्‌महिने बांधू नका. जुनाट कंबरदुखीत तो नेहमीसाठी वापरू नये, असेच जागतिक आरोग्य संघटना सांगते.

५. कळ ओसरली की हलके व्यायाम सुरू करा. उताणे झोपून एकेक गुडघा पोटाशी घेणे. गुडघे दुमडून कंबर हळूच वर उचलणे. हातापायांवर ओणवे होऊन मांजरासारखी पाठ वर-खाली करणे. प्रत्येक प्रकार आठ-दहा वेळा, श्वास न रोखता. थोडे ओढल्यासारखे वाटले तर चालते. कळ पायात उतरत गेली तर थांबा आणि फिजिओथेरपिस्टना दाखवा.

पुन्हा दुखू नये म्हणून

एकदा दुखलेली पाठ पुन्हा दुखते, हा अनुभव सगळ्यांचा. यावरचा सगळ्यांत स्वस्त उपाय म्हणजे चालणे. ऑस्ट्रेलियात ७०१ लोकांवर केलेला एक अभ्यास २०२४मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतल्या एका गटाला हळूहळू वाढवत आठवड्यातून पाच दिवस, अर्धा तास चालायला लावले. न चालणाऱ्यांना साधारण ११२ दिवसांनी पुन्हा त्रास झाला, चालणाऱ्यांना २०८ दिवसांनी. फी नाही, यंत्र नाही, दोन पाय पुरेत.

बाकी रोजच्या गोष्टी:

अभ्यासाला बसल्यावर अर्ध्या-पाऊण तासाने उठा. पाणी प्या, खिडकीपर्यंत जाऊन या. जमिनीवर बसत असाल तर पाठ भिंतीला टेकवा आणि पुस्तक मांडीवर न ठेवता चौरंगावर ठेवा. मोबाईल डोळ्यांच्या उंचीवर आणा, मान मोबाईलकडे नेऊ नका. बॅग दोन्ही खांद्यांवर. बादली अर्धी भरून दोन खेपा करा, किंवा दोन्ही हातांत दोन अर्ध्या बादल्या घ्या. वजन उचलताना आधी त्याच्या जवळ जा, गुडघे वाकवा, अंगालगत धरा आणि वळायचे असेल तर कंबर न पिळता पाय वळवा.

घरी आईकडेही जरा लक्ष द्या. ओटा तिच्या उंचीला बुटका आहे का? आखूड केरसुणीने ती रोज वाकून केर काढते का? लांब दांड्याचा झाडू काही फार महाग नसतो. आणि त्याहून स्वस्त म्हणजे, केर आपण काढणे.

ही लक्षणे असतील तर मात्र वाट बघू नका

"हालचाल करा" हा सल्ला बहुतेकांसाठी आहे, सगळ्यांसाठी नाही. पुढचे एखादे लक्षण असेल तर थेट डॉक्टर गाठा:

– लघवी किंवा संडासवरचा ताबा जाणे, लघवी अडकणे, मांड्यांच्या मधल्या भागात बधिरपणा. हे असेल तर त्याच दिवशी, अगदी रात्र असली तरी, दवाखाना गाठायचा.

– पायातली ताकद कमी होत जाणे, पाऊल उचलता न येणे.

– पडल्यावर किंवा अपघातानंतर सुरू झालेले जोराचे दुखणे. म्हातारपणी साधे घसरणेही पुरे.

– संध्याकाळचा बारीक ताप, वजन उतरणे, रात्री झोपेतून उठवणारे दुखणे. आपल्या देशात मणक्याचा क्षयरोग अजून आहे. लोक महिनोन्‌महिने उसण समजून अंग चोळत बसतात. वेळेवर कळला तर औषधांनी तो बरा होतो, आणि ही औषधे सरकारी दवाखान्यात मोफत मिळतात.

– पूर्वी कर्करोग झालेला असणे किंवा बरेच दिवस स्टिरॉइडच्या गोळ्या चालू असणे.

आपल्या वयाच्या मुलामुलींसाठी एक वेगळी खूण. तीन महिन्यांहून जास्त दिवस कंबर दुखते, सकाळी उठल्यावर अर्धा तास तरी अंग आखडलेले असते, आराम केल्याने वाढते आणि हलल्यावर बरे वाटते, असे असेल तर तो सांध्यांचा अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस नावाचा आजार असू शकतो. तो तरुणपणीच सुरू होतो. लवकर ओळखला तर चांगले उपचार आहेत.

शब्दांचेही वजन असते

आता मामांकडे परत. तीन आठवड्यांनंतर त्यांना एका फिजिओथेरपिस्ट बाईंकडे नेले. त्यांनी रिपोर्ट वाचला, पायांतली ताकद तपासली आणि म्हणाल्या, "तुमची पाठ मोडलेली नाही. आखडली आहे आणि घाबरली आहे. उद्यापासून पाच मिनिटं चालायचं." मामांनी दोनदा विचारले, "खरंच मोडली नाही ना?"

पहिल्या दिवशी ते गल्लीच्या टोकापर्यंत गेले. महिन्याभरात येळ्ळूर रस्त्याने अर्धा तास चालू लागले. पुढे दोन महिन्यांनी अर्धा दिवस मागावर, मग पूर्ण दिवस. आता बीम दोघे मिळून उचलतात. अधूनमधून कंबर अजूनही कुरकुरते, पण मामा तिला घाबरत नाहीत. त्यांची मुलगी यंदा बारावीला आहे.

मला वाटते, मामांना बीमपेक्षा जड झाली होती ती वाक्ये. "मणका सरकला", "आता जड काम विसरा". सगळी मायेच्या माणसांचीच. आपण मंडळात शब्दांवर इतके बोलतो, तर हेही बोलायला हवे. आपल्या आज्ज्यांचा जुना शब्द बघा: उसण भरली. भरते ते उतरतेही, अशी आशा त्या शब्दातच आहे. सरकलेला मणका मात्र आयुष्यभर सरकलेलाच राहतो, माणसाच्या डोक्यात.

तेव्हा यापुढे कुणी कंबर धरून बसलेले दिसले तर आधी वर सांगितलेली लक्षणे विचारा. त्यांतले काही नसेल तर सांगा, "भरलीय, उतरेल. चल, गेटपर्यंत जाऊन येऊ." आणि नुसते सांगू नका, बरोबर चाला. पाठीशी उभे राहणे ते हेच.

आणि हो, हा लेख एका बैठकीत वाचला असेल तर आता उठा, चार पावले चालून या.